अल्टो म्हणजे नेमकी कोणती? जपानच्या पिढ्या, आपल्याकडच्या बॉड्या आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरात कुठल्याही स्पेअर पार्टच्या काउंटरवर "अल्टोची क्लच केबल द्या" म्हटलं की समोरून लगेच प्रश्न येतो, "कोणती अल्टो, भाऊ?" निम्मे लोक इथेच अडकतात. या एका नावाखाली आपल्या शहरात आज निदान पाच वेगळ्या गाड्या फिरताहेत: २००० सालापासूनची जुनी अल्टो, २०१० ची के-१०, २०१२ ची अल्टो ८००, २०१४ ची दुसरी के-१० आणि २०२२ नंतरची नवी के-१०. त्यात अजून जिवंत असलेल्या मारुती ८०० धरल्या, तर त्याही जन्माने अल्टोच आहेत. सोपा उपाय म्हणजे आरसी काढून इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं वाचायची. एफ८बी असेल तर जुनी मारुती ८००, एफ८डी म्हणजे ७९६ सीसीची बारा व्हॉल्व्हवाली, के१०बी म्हणजे आधीच्या दोन के-१० पैकी एक, आणि के१०सी म्हणजे २०२२ नंतरची. ही अक्षरं आणि नोंदणीचं साल एवढं सांगितलं की काउंटरवाला बरोबर डबा काढतो.

एका नावात इतक्या गाड्या कशा शिरल्या, हे समजून घ्यायचं तर १९७९ च्या जपानात जावं लागतं. या गाडीचा आकार कर आणि नियम यांनी जितका ठरवला, तितका डिझायनरनेही ठरवला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. १९७६ पासून त्याची हद्द होती ५५० सीसी इंजिन, ३.२ मीटर लांबी आणि १.४ मीटर रुंदी. या चौकटीत बसणाऱ्या गाडीला करात आणि विम्यात सवलत मिळे. तरीही प्रवासी केई गाडीवर १५ टक्क्यांहून थोडा जास्त वस्तुकर होता, आणि मालवाहू गाडीवर मात्र तो नव्हता. ओसामू सुझुकी १९७८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. मे १९७९ मध्ये त्यांनी अल्टो आणली ती कागदोपत्री मालवाहू व्हॅन म्हणून. दिसायला हॅचबॅक, मागे सीटही होती, पण नियमाप्रमाणे सामानाची जागा मागच्या प्रवाशांच्या जागेपेक्षा मोठी ठेवावी लागे, त्यामुळे मागची सीट नावापुरती. किंमत ४ लाख ७० हजार येन, आणि तीही साऱ्या जपानभर एकच. हा आकडा गाठण्यासाठी काटकसर कुठवर केली, तर डाव्या बाजूच्या दाराला किल्लीचं भोकच नव्हतं आणि काचेवर पाणी मारायचा पंप हाताने दाबायचा होता. इंजिन ५३९ सीसीचं, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. थोड्याच काळात ५४३ सीसीचं फोर-स्ट्रोक आलं. गाडी तुफान खपली. बाकीच्या कंपन्यांनीही तशाच 'बॉनेट व्हॅन' काढल्या, आणि सरकारने १९८१ मध्ये या व्हॅनवरही कर लावला. त्यावर सुझुकीने करातून सुटणारी दोन सीटची अल्टो काढली.

निर्यातीच्या गाड्यांना केईची चौकट लागू नव्हती. म्हणून परदेशी पाठवायच्या अल्टोत ७९६ सीसीचं एफ८बी बसवत. हेच इंजिन घेऊन एसएस८० ही बॉडी भारतात आली. सुझुकीबरोबर ऑक्टोबर १९८२ मध्ये करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत ४७,५०० रुपये. म्हणजे आपल्या रस्त्यावरची पहिली मारुती ही जपानची पहिली अल्टोच. तिच्या मागच्या चाकांना कमानपट्टे (लीफ स्प्रिंग) होते. ही बॉडी आता फक्त हौशी लोकांकडे दिसते. तिचे दरवाजे, काचा, दिवे पुढच्या ८०० ला लागत नाहीत, हे विकत घ्यायच्या आधी पक्कं लक्षात ठेवा.

जपानमध्ये दुसरी पिढी सप्टेंबर १९८४ मध्ये आली. तिचीच बॉडी १९८६ मध्ये भारतात ८०० म्हणून सुरू झाली. आपल्या डोळ्यांसमोर 'मारुती' म्हटल्यावर जी गाडी येते ती ही. जपानने ती १९८८ मध्ये बंद केली. भारतात तिची शेवटची गाडी निघाली जानेवारी २०१४ मध्ये. तिथे चार वर्षं, इथे अठ्ठावीस. पाकिस्तानात हीच बॉडी 'मेहरान' नावाने २०१९ पर्यंत चालली. अल्टोच्या इतिहासातली सगळ्यात टिकाऊ पिढी ही, आणि ती टिकली ती भारतीय उपखंडात.

जपानची गोष्ट इथून वेगळ्या वाटेने जाते, ती थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये 'अल्टो वर्क्स' आली. ५४३ सीसीच्या टर्बो इंजिनातून ६४ अश्वशक्ती काढली, आणि हाच आकडा पुढे सगळ्या कंपन्यांनी केईची वरची मर्यादा म्हणून आपणहून मानला. आजही तोच आहे. तिसरी पिढी सप्टेंबर १९८८ ची. १९८९ मध्ये जपानने वस्तुकर रद्द करून सगळ्या वस्तूंवर सरसकट ३ टक्के उपभोग कर आणला, आणि व्हॅन म्हणून नोंदवण्यातली सगळ्यात मोठी सवलत एका फटक्यात गेली. अल्टो प्रवासी गाडी झाली. १९९० मध्ये केईची हद्द ६६० सीसी आणि ३.३ मीटरवर गेली. चौथी पिढी नोव्हेंबर १९९४ ची. ऑक्टोबर १९९८ मध्ये चौकट पुन्हा वाढून लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर झाली, आणि त्याच महिन्यात पाचवी पिढी आली.

पाचवी पिढी आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. सप्टेंबर २००० मध्ये भारतात 'अल्टो' हे नाव पहिल्यांदा गाडीवर लागलं, ते हिच्यावर. ८०० रस्त्यावर असतानाच ही आली, म्हणजे आपल्याकडे १९८४ ची आणि १९९८ ची जपानी बॉडी शेजारीशेजारी विकली जात होती. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,३६० मिमी. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१२ मध्ये अल्टो ८०० आली, बॉडी बदलली, डॅशबोर्ड बदलला, पण व्हीलबेस २,३६० मिमीच राहिला, आणि २०२३ मध्ये ती बंद होईपर्यंत तसाच होता. नव्या के-१० चा व्हीलबेस त्याहून फक्त २० मिमीने जास्त आहे. महाल आणि इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत ही गाडी अजून इतकी दिसते याचं एक साधं कारण म्हणजे तिची वळायची त्रिज्या, ४.६ मीटर. ८०० ची तर ४.४ मीटरच होती.

सहावी (२००४), सातवी (२००९), आठवी (२०१४) आणि नववी (२०२१) या जपानी पिढ्या भारतात आल्याच नाहीत. त्यातली आठवी मला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सरस वाटते. सगळ्यात हलका प्रकार जेमतेम ६१० किलोचा, जपानी चाचणीत लिटरला ३७ किलोमीटर. पाकिस्तानला २०१९ मध्ये हीच मिळाली, ६६० सीसीची. युरोपात तर या नावाचा वेगळाच गोंधळ झाला. तिथे १९९४ ते २००२ 'अल्टो' म्हणून विकली गेली ती आपली झेन, आणि २००९ पासून आपली ए-स्टार, मानेसरला बनलेली. इंटरनेटवर 'अल्टो' टाकून परदेशी मॅन्युअल उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इंजिन कोड न जुळवता बोल्ट आवळायच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, आकडे उचलले तर हेडचे बोल्ट तुटतील.

आपल्याकडे मोठा बदल घडवला तो बीएस, म्हणजे भारत स्टेज, या धुराच्या नियमांनी. ८०० मूळची कार्ब्युरेटरची, चार गिअरची, ३७ अश्वशक्तीची. २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं. मध्यंतरी काही वर्षं तिला अल्टोचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. ही पाच गिअरवाली ८०० चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नका, हायवेवर तिची आणि चार गिअरवालीची तुलनाच नाही. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं आणि तिथे ८०० ची विक्री थांबली. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. नागपूर नव्हतं. म्हणून २०१० ते २०१४ या काळातल्या नव्या कोऱ्या ८०० आपल्या एमएच-३१ आणि एमएच-४० पासिंगमध्ये सापडतात आणि पुण्याच्या पासिंगमध्ये सापडत नाहीत. सेकंड हँड शोधणाऱ्याला हा मुद्दा फार उपयोगाचा आहे.

२०१० च्या ऑगस्टमध्ये के-१० आली. ९९८ सीसीचं के१०बी, ६८ अश्वशक्ती. एफ८डीला टायमिंग बेल्ट आहे, के१०बीला चेन. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण देखभालीचं सगळं गणित त्यावर फिरतं. बेल्ट ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो. चेनला तसं अंतर नाही, पण तिला स्वच्छ ऑइल लागतं. ऑइल उशिरा बदलत राहिलात तर चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो आणि सकाळी सेल्फ मारताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. ती ऐकू आली की पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. ऑइल, फिल्टर लगेच बदला आणि आवाज राहिलाच तर चेन-टेन्शनर उघडून पाहा. या सगळ्या इंजिनांत ऑइल तीन लिटरच्या आसपास बसतं. चार लिटरचा डबा पूर्ण ओतायची खोड काही ठिकाणी असते, ती रोखा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे गेलेलं ऑइल क्रँकच्या माराने फेसाळतं आणि सीलवर जोर टाकतं.

टायर घेतानाही पिढी सांगावी लागते. एमपीएफआय ८०० ला १४५/७० आर१२, जुन्या अल्टो एलएक्सआयला आणि अल्टो ८०० ला १४५/८० आर१२, पहिल्या के-१० ला १५५/६५ आर१३, नवीला १४५/८० आर१३. ८०० वर अल्टोचे टायर चढवले तर चढतात. पण चाकाचा घेर मोठा झाल्याने स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळवल्यावर टायर आत घासू शकतो. त्या वाटेला जाऊ नका.

आता उन्हाळा. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ तर आपल्याला दरवर्षीचे. एवढ्याशा रेडिएटरच्या, तीन सिलिंडरच्या, एसी लावलेल्या गाडीची खरी परीक्षा मे महिन्यात सिमेंट रोडवरच्या सिग्नलला होते. "गाडी गरम होऊन राहिली" ही तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक अल्टोंचं मूळ पाण्यात असतं. बोअरचं किंवा नळाचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये टाकलेलं असतं. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या वॉटर जॅकेटमध्ये आतून चढतो. मग पाणी फिरतं, पण उष्णता सोडत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घाला. साध्या पाण्याला १०० अंशांना उकळी येते, या मिश्रणाला १०७ च्या आसपास, आणि कॅपच्या दाबामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. उकळी लांबवणं आणि ॲल्युमिनियमच्या हेडला गंज न लागू देणं, ही दोन्ही कामं नागपुरात जास्त लागतात.

तपासणी नेहमी थंड इंजिनवर, सकाळी. आधी रेडिएटर कॅप उघडून तिचं रबर बघा. चिरलं असेल किंवा कडक झालं असेल तर कॅप बदला. कॅप दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं, बाहेर सांडतं, आणि लोक रेडिएटर बदलायला धावतात. मग कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा. सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीची) शंका घ्या. सुरुवातीला थोडी हवा निघते ती वेगळी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड गाडी सुरू करून दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक, ही त्याचीच लक्षणं. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात झाकणाखाली किंचित ओलसर पांढुरकेपणा फक्त छोट्या फेऱ्यांमुळेही येतो. एवढ्यावरून हेड उघडू देऊ नका.

मग कॅप लावून इंजिन आयडलवर गरम होऊ द्या. काटा मध्याच्या पुढे सरकण्याआधी पंखा फिरला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये पंखा थर्मो स्विचवर चालतो. इग्निशन चालू ठेवून स्विचचा कनेक्टर काढा आणि वायरने जोडून पाहा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, पंखा नाही. एमपीएफआय गाडीत आधी फ्यूज, मग रिले बदलून बघा, आणि शेवटी मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. मोटर फिरते पण रडतखडत, असं असेल तर कार्बन ब्रश संपलेत. अशी मोटर फेब्रुवारीत चालून जाते आणि मेमध्ये फसवते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे त्याच्या पात्यांत अडकलेली धूळ आणि किडे दोघांनाही गुदमरवतात. मार्चमध्ये एकदा कमी दाबाच्या पाण्याने, जमल्यास आतून बाहेर, धुऊन घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पाती आडवी पडतात आणि हवा कायमची अडते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना 'इलाज'. तो मी मनापासून वाईट मानतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन थंडीत आणि मोकळ्या रस्त्यावर कधीच पुरेसं तापत नाही. एमपीएफआयचा संगणक गाडी अजून थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, ऑइल पातळ होतं. आणि ज्या कारणाने गाडी गरम होत होती ते तसंच राहतं. नव्या थर्मोस्टॅटची किंमत हेडच्या कामापुढे काहीच नाही. बसवण्याआधी गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा.

काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, गाडी बाजूला. हीटरही एक छोटा रेडिएटरच असतो. घामाघूम व्हाल, पण हेड वाचेल. इंजिन बंद केल्यावर अर्धा तास तरी कॅपला हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. हेड तिथेच वाकतं. वाकलेल्या हेडवर नुसतं नवं गॅस्केट टाकून 'हेड बसवलं' म्हणणं फसवं आहे. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बघायला सांगा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर हेड मशीनवर घासून घ्यावं लागतं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. अंदाजाने आवळलेलं काम पुढच्या उन्हाळ्यात परत येतं.

जुनी अल्टो किंवा ८०० विकत घेताना बेल्टचा इतिहास कळत नसेल तर तो झालाच नाही असं धरा आणि गाडी हातात आल्या आठवड्यात बदला. त्याच वेळी कॅम आणि क्रँकचे सील व टेन्शनर बेअरिंगही. सीलमधून ऑइल झिरपत असेल तर नवा बेल्टही भिजून लवकर जातो, आणि मजुरी तीच दोनदा पडते. तीन प्लग काढून कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिन्हींतला फरक १ किलोपेक्षा जास्त नसावा. एका सिलिंडरचंच कमी असेल तर व्हॉल्व्ह, शेजारच्या दोघांचं कमी असेल तर गॅस्केट, तिन्हींचं सारखंच कमी असेल तर रिंगा, असा साधारण ताळा आहे. आयडलला डॅशबोर्ड थरथरतो ती तीन सिलिंडरची सवयच, पण गिअरचा दांडाही हलत असेल तर इंजिन माउंटिंग फाटलंय. पूर्ण वळवून हळू चालवल्यावर कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. जॉइंटवरचा रबरी बूट नुकताच फाटला असेल तर ग्रीस भरून नवा बूट बसवण्यात काम निभतं, कटकट सुरू झाल्यावर नाही. एमपीएफआयची रेस सिग्नलला वरखाली होत असेल तर सेन्सर बदलण्याआधी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करून बघा.

गंजासाठी बॅटरीखालचा ट्रे, ड्रायव्हरच्या मॅटखालचा पत्रा, पुढच्या शॉकअपचे वरचे माथे आणि मागच्या चाकांच्या कमानी बघायच्या. आपली कोरडी हवा पत्र्याला चांगली, म्हणून मुंबई-कोकणातून आलेली स्वस्त गाडी असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. नागपूरच्याच गाडीत वेगळी भीती आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच नंतर विकल्या जाणं साहजिक होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाजवळ चिखलाची रेघ आहे का बघा, कार्पेट उचलून खालचा फोम दाबा, सीटचे बोल्ट आणि डॅशखालचे कनेक्टर यांवर हिरवट गंज आहे का पाहा. आणि पुढे कधी तुमचीच गाडी पाण्यात गेली तर सेल्फ मारू नका. बॅटरी तोडा, तिन्ही प्लग काढा, मगच क्रँक फिरवा म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडेल. प्लग न काढता सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गिअरबॉक्सचं ऑइलही बदलायचं, त्याच्या ब्रीदरमधून पाणी आत जातं.

सुरक्षिततेबद्दल लपवाछपवी नको. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला शून्य तारे मिळाले. नव्या के-१० ला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दोन आणि मुलांसाठी शून्य. २०२५ पासून तिला सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत दिल्या आहेत, ते चांगलंच झालं. पण रोज समृद्धीवरून जाणाऱ्याला मी यातली कुठलीच गाडी सुचवणार नाही. शहर, रामटेक, वर्धा, एवढ्यासाठी ती उत्तम.

सीएनजीचं नागपुरात वेगळं गणित करावं लागतं. २०२२ मध्ये इथे किलोचा भाव १२० रुपयांच्या घरात होता. कंपनीच्या आकड्यांनी नवी के-१० किलोला ३३.८५ आणि पेट्रोलवर लिटरला २४.३९ किलोमीटर जाते. पेट्रोल १०६ धरलं तर किलोमीटरमागे सीएनजीचे ३.५५ आणि पेट्रोलचे ४.३५, म्हणजे बचत फक्त ८० पैसे. गाडी बाजारात आली तेव्हा दोन्हींच्या किमतीत ९५,००० रुपयांचा फरक होता. तो वसूल व्हायला जवळपास १ लाख १९ हजार किलोमीटर लागतात, आणि डिक्की जाते ती वेगळीच. मुंबई-पुण्यात शहाणपणाचा असलेला निर्णय इथे तसाच उचलू नये. आजचा भाव घालून हाच हिशोब स्वतः करा.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आता एक नवी अडचण आहे, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुनी रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग त्याने फुगतात किंवा चिरतात. पेट्रोलचा वास येऊ लागला की आधी नळ्या बघा आणि सगळ्या एकदमच इथेनॉल चालणाऱ्या नव्या टाका. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, नाहीतर पाणी धरून आत पांढरी पूड साचते आणि जेट बुजतो.

शेवटी कागद. दिल्लीचा पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचा नियम नागपूरला लागू नाही, दलालाने त्या भीतीवर भाव पाडला तर ऐकू नका. इथे पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून कारचं हे शुल्क ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागते, ती आधी बसवून घ्या. तपासणीला नेण्याच्या आदल्या दिवशी हॉर्न, वायपर, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हँडब्रेक बघा, पीयूसी ताजी ठेवा, आणि चेसिस नंबरची जागा रॉकेलने पुसून साफ करा. अंक नीट वाचता आले नाहीत तर तुमची दुसरी फेरी नक्की.